हजेरीपट ते पगारपत्रक : आमची वाटचाल

लॉस एंजेलिसमधल्या छोट्या चार्टर शाळांचे हिशेब ठेवणं हा आमचा धंदा. त्यातही सहावी ते आठवीच्या शाळा जास्त. सुरुवात जमाखर्चापासून झाली. पण पैसा कुठे अडला हे शोधत गेलं की गाठ दरवेळी हजेरीपटाशी पडायची. म्हणून आता शाळेच्या परवान्याचा अर्ज तयार होतानाच आम्ही कामाला लागतो.

चार्टर शाळा म्हणजे परवाना घेऊन स्वतंत्रपणे चालणारी शाळा; ती सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही; जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर सोडत निघते. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२ चा. नव्या शाळेला जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना मिळतो. नफा कमावणाऱ्या कंपनीला जुलै २०१९ पासून शाळा चालवता येत नाही. थोडक्यात, मालक आमच्या फर्मला आहे, शाळेला नाही.

परवान्याच्या अर्जासोबत सह्या लागतात : पहिल्या वर्षी जितकी मुलं धरली आहेत त्यांच्या निम्म्या मुलांच्या पालकांच्या, नाहीतर निम्म्या शिक्षकांच्या. पहिली चूक इथेच होते. सही केलेलं प्रत्येक घर ऑगस्टमध्ये मूल पाठवेल असं धरून अंदाजपत्रक मांडलं जातं.

नवी शाळा बहुधा फक्त सहावीने उघडते आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवते. २८ च्या तीन तुकड्या म्हणजे ८४ मुलं, तिसऱ्या वर्षी २५२. तिन्ही इयत्ता एकदम उघडण्याचा मोह आम्ही मोडून काढतो, कारण पाचवी संपल्यावर पालक शाळा शोधतातच, सातवीत मात्र सहसा कोणी हलत नाही. सातवी-आठवीचा अनुदानाचा दर सहावीपेक्षा थोडा जास्त आहे खरा, पण रिकाम्या बाकाला कुठलाच दर लागू होत नाही.

अनुदान पटावर नाही, सरासरी हजेरीवर मिळतं. ८४ मुलं आणि ९५ टक्के हजेरी म्हणजे ७९.८. चार मुलांचा पैसा गेला. भाडं आणि पगार तेवढेच. मुख्य अनुदानासाठी १५ एप्रिलपर्यंत पूर्ण झालेले शाळेचे महिने धरतात. डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला, मागच्या वर्षांच्या आकड्यांचा आधार असतो, चार्टरला चालू वर्षच. वर्षात १७५ दिवस भरले नाहीत तर कपात. हजेरीपटावर शिक्षकाची सही राहिली तर ऑडिटमध्ये तेही दिवस कापले जाऊ शकतात. दर शुक्रवारी सह्या तपासायला दहा मिनिटं लागतात. जूनमध्ये त्याच गोळा करायच्या तर शिक्षक सुट्टीवर.

दुसरी गळती फॉर्मची. गरीब घरातल्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांमागे मूळ दराच्या २० टक्के जादा मिळतात. ही मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी असते. सरकारी मदतीच्या याद्यांशी ज्यांची नावं जुळतात ती आपोआप धरली जातात, बाकीच्यांकडून उत्पन्नाचा फॉर्म हवा. पूर्वी जेवणासाठी पालक तो भरायचे. २०२२-२३ पासून राज्यात सगळ्याच मुलांना जेवण मोफत झालं (निर्णय उत्तमच), आता फॉर्म भरायचा कशाला? आम्ही तो प्रवेशाच्या कागदांतच, पत्त्याच्या पुराव्याच्या लगेच मागे लावतो.

रोकड मात्र सगळ्यात आधी संपते. नवी शाळा उन्हाळ्यात अंदाजे हजेरी कळवते, पहिला मोठा हप्ता शाळा सुरू झाल्यावर येतो आणि पहिल्या २० दिवसांच्या खऱ्या हजेरीवरून पुढचा हिशेब जुळवला जातो. अंदाज फुगवला असेल तर तेवढं पुढच्या हप्त्यातून वळतं होतं. डिपॉझिट, बाकं, ऑगस्टचे पगार आधीच गेलेले असतात. राज्याच्या फिरत्या निधीतून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर कर्ज मिळू शकतं. ते पुरलं नाही की सरकारकडचं येणं सवलतीत विकून रोकड उभी करतात. हा शेवटचा उपाय, कारण तो दर महिन्याची सवय होऊन बसतो.

जागेचं कोडंही आकड्याचंच. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ३९ प्रमाणे डिस्ट्रिक्टने चार्टरला खोल्या द्यायच्या असतात. अर्ज आदल्या १ नोव्हेंबरपर्यंत, अंतिम देकार १ एप्रिलपर्यंत, शाळेचं उत्तर १ मेपर्यंत. मोठी अट : डिस्ट्रिक्टमधल्या मुलांची अपेक्षित सरासरी हजेरी किमान ८०. वरची ८४ मुलांची शाळा ७९.८ वर अडकते, आणि पहिलं वर्ष चर्चच्या खोल्या भाड्याने घेऊन काढते. म्हणून परवान्याच्या अर्जात आम्ही हल्ली २९ च्या तुकड्या लिहितो.