पाचशे बारा

गौरी-गणपतीचं विसर्जन करून लालबागचे काका गावाहून परतले, त्याच्या तिसऱ्या दिवसाची ही गोष्ट. सकाळी नऊच्या बॅचला आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. मागे त्यांची लेक, तिच्या हातात फाइल.

"मॅडम, आधी तोंड गोड करा. मग रिपोर्ट बघा."

मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. गेली काही वर्षं काम फक्त हृदयाच्या रुग्णांचं. बायपास झालेले, अँजिओप्लास्टी झालेले आणि ज्यांचं हृदयच दुबळं झालंय असे, म्हणजे हार्ट फेल्युअरचे. काका या तिसऱ्या गटातले. वय ६७. तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते, १९८२च्या संपात बाहेर पडले आणि पुढे आयुष्यभर वॉचमनची ड्यूटी केली. पहिल्यांदा आले तेव्हा इको रिपोर्टवर ईएफ २८ टक्के होता. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं, काकांचं जेमतेम पाव ढकलत होतं. चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना, आणि वर पोचेपर्यंत दोन्ही चौकांत थांबायला लागायचं.

आमच्याकडे येण्याआधी त्यांची एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी झाली होती. हृदयावर ताण जितका जास्त, तितका हिचा आकडा मोठा. आकडा होता २,८६०. सहा आठवडे व्यायाम झाला की पुन्हा करायची असं ठरलं होतं. आता लेकीनं उघडून दाखवलेल्या कागदावर ५१२ होतं.

मला खरंच आनंद झाला. २,८६० वरून ५१२! पेढा खाल्ला. म्हटलं, "काका, हे तुमच्या मेहनतीचं आहे." लेकीचे डोळे भरून आले. शेजारी सायकल मारणाऱ्या मावशींनीही हात थांबवून पेढा घेतला.

वजन ६१.४ किलोवरून ६४.१ झालं होतं. अकरा दिवस गावी होते, गणपतीचे मोदक आणि घरचं जेवण, वाढणारच, असं मी मनात म्हटलं आणि आकडा लिहून मोकळी झाले. हृदय थकलं की सपाट झोपल्यावर दम लागतो, म्हणून झोपताना किती उशा लागतात, हे मी प्रत्येकाला दर वेळी विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. त्या कागदानं माझे सगळे प्रश्न बंद केले होते. उलट ट्रेडमिलचा वेग मीच २.४ वरून २.८ केला.

काका चालताना बोलतात. ते मला हवंच असतं. आमच्याकडे दम मोजायला सहा ते वीसची बोर्गची पट्टी असते आणि अशा रुग्णाला साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान ठेवायचं असतं. पण पट्टीपेक्षा मला माणसाचं वाक्य जास्त कळतं. वाक्य सलग आलं म्हणजे बरं चाललंय. त्या दिवशी ते गावच्या भजनाबद्दल सांगत होते. "आमच्या वाडीत रात्री दोनपर्यंत…" आणि थांबले. श्वास घेतला. "…दोनपर्यंत भजन. मृदंगावर आमचो…" पुन्हा थांबले. चौथं मिनिट होतं. मी पट्टी पुढे धरली, त्यांनी पंधरावर बोट ठेवलं. गावी जाण्याआधी यापेक्षा जास्त वेळ चालून ते बारा म्हणायचे.

मशीन बंद केलं, खुर्चीत बसवलं. काका वाकून बुटाची नाडी सैल करायला लागले. "बूट आवळ झालाय ओ." हाच बूट, हेच मोजे. मी खाली बसून मोजा उतरवला. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण घोट्याच्या वर गोल उमटली होती, बोट फिरवलं तर चर लागावा इतकी खोल. नडगीवर अंगठ्यानं दाबून पाच सेकंदांनी हात काढला. खड्डा तसाच राहिला.

पाण्यानं भरलेले पाय, तुटणारं वाक्य, अकरा दिवसांत पावणेतीन किलो. आणि रक्त म्हणतंय की सगळं सुधारलंय? मी फाइल घेऊन खिडकीपाशी गेले आणि तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. तपासणीच्या नावात 'एनटी-प्रो' नव्हतंच. नुसतं बीएनपी होतं.

या दोन तपासण्या सख्ख्या बहिणींसारख्या, पण एकीचा आकडा दुसरीच्या जागी चालत नाही. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथले स्नायू एक मोठं प्रथिन तयार करतात आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी. हा कामाचा तुकडा, मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो. १९८८ साली जपानी संशोधकांना तो आधी डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावात अजून 'ब्रेन' आहे, जरी तो बनतो मुख्यतः हृदयात. दुसरा तुकडा एनटी-प्रोबीएनपी. तो स्वतः काही करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो. बीएनपी साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो, याला तास-दोन तास लागतात. म्हणून एकाच माणसाच्या एकाच रक्तात एनटी-प्रोचा आकडा बीएनपीच्या कितीतरी पट असतो. काकांचं ५१२ हे २,८६०च्या पुढे ठेवायचंच नव्हतं. बीएनपी म्हणून पाहिलं तर ५१२ चांगलंच चढलेलं होतं.

त्यात काका सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनवर. बीएनपी तोडणारं नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम हे औषध अडवतं, त्यामुळे नुसता बीएनपी औषधानंच वर राहू शकतो. एनटी-प्रोला हे एन्झाइम हात लावत नाही. म्हणून या गोळीवरच्या रुग्णाचं एनटी-प्रोच पाहायचं असतं. हे मला पाठ होतं. मी विद्यार्थ्यांना शिकवते.

मग चुकीची तपासणी झाली कशी? लेकीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना मॅडम, येताना बीएनपी करून या. मी लॅबमध्ये तेच सांगितलं."

खरं होतं. आम्ही सगळेच तसं बोलतो. ओपीडीत, वॉर्डात, जिन्यात, दोन्हींना 'बीएनपी' म्हणतो आणि कोणती ते एकमेकांना कळतं. तिला कसं कळणार? चिठ्ठी मी लिहून दिली नव्हती. लॅबनं मागितलं ते केलं. चूक माझ्या तोंडच्या शब्दाची होती आणि त्यावर मी पेढा खाऊन वेग वाढवला होता.

रजिस्ट्रार डॉक्टरला फोन लावला. तो दहा मिनिटांत खाली आला. मानेची शीर पाहिली, छाती तपासली, आणि काकांना विचारलं, "गावी लघवीची गोळी घेत होता ना?"

काका लेकीकडे बघेनात. "जाताना नाय घेतली. बारा तास एसटी. गोळी घेतली की दर अर्ध्या तासानं लागते. गाडी थोडीच थांबवतायत आपल्यासाठी? मग तिथं घरात माणसं किती, संडास बाहेर, पाऊस. येतानापण नाय घेतली."

"आणि जेवण?"

"गणपतीचं." म्हणजे पापड, लोणचं, सांडगी मिरच्या, वाटाण्याची उसळ, आणि पाहुणा आला की त्याच्याबरोबर पुन्हा थोडं. मोदकांवर मी उगाच आळ घेतला होता. त्यांच्या अंगात पाणी धरून ठेवलं ते मिठानं.

मला काकांचा अजिबात राग आला नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा रस्त्यानं एसटीनं गेलेल्या कुणालाही विचारा. सदुसष्ट वर्षांच्या माणसानं भर गाडीत ड्रायव्हरला दर अर्ध्या तासानं थांबा म्हणायचं? त्यानं गोळी टाळली नसती तरच नवल. राग माझ्यावर होता. सहा आठवड्यांत मी त्यांना पायांचे, दंडांचे, श्वासाचे सगळे व्यायाम शिकवले आणि प्रवासात गोळीचं काय करता, हे एकदाही विचारलं नाही.

दुपारी योग्य तपासणी झाली. एनटी-प्रोबीएनपी ४,१३०. काकांना दाखल करून शिरेतून लघवीचं औषध सुरू केलं. वॉर्डाच्या दाराशी लेकीनं मला गाठलं. "खरं सांगा, व्यायामानं झालं का हे?"

ही भीती तिची एकटीची नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा अशा रुग्णाला 'पडून राहा' म्हणायचे. मी तिला तिथंच बाकावर बसवून सांगितलं, की २००९ साली एचएफ-ॲक्शन नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, २,३३१ रुग्ण, ईएफ ३५ टक्के किंवा कमी. स्थिर असलेल्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम सुरक्षित ठरला. फायदा दिसला, पण बेताचा, मृत्यू आणि दाखल होण्याच्या मुख्य हिशेबात तर इतर घटक जमेस धरल्यावरच तो ठरण्यासारखा दिसला. चालण्याची ताकद मात्र वाढली. "स्थिर" या शब्दावर मी दोनदा जोर दिला. आज सकाळी काका स्थिर नव्हते आणि मी ते ओळखायला हवं होतं, हेही सांगितलं. ती काही वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे परत आणायचं ना त्यांना?"

चौथ्या दिवशी काका घरी गेले तेव्हा वजन ६१.६ होतं. दहा दिवसांनी पुन्हा सुरुवात केली, २ च्या वेगानं.

बारा आठवडे पूर्ण झाल्यावर आमच्या तीस मीटरच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवलं. सुरुवातीला २५२ मीटर झाले होते, आता ३३१. एनटी-प्रो २,४७०. काकांनी लगेच वजाबाकी केली. मी त्यांना सांगितलं की हा फरक धरू नका, इतका वरखाली तर तब्येत तशीच असतानाही होतो, साधारण तीस टक्क्यांच्या पुढे गेला की आम्ही तो मानतो. त्यांचा चेहरा उतरला. पण व्यायामानं हा आकडा झपकन पडतो असं मी कुणाला सांगणार नाही. काही लहान अभ्यासांत तो उतरला आहे, एचएफ-ॲक्शनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्यात व्यायामाच्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. व्यायाम आधी पोचतो तो पायांच्या स्नायूंपर्यंत, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत. दुबळ्या हृदयाकडून येईल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला पाय शिकतात. रक्तातला आकडा हृदयाच्या भिंतीवरचा ताण सांगतो, तो वेगळा प्रश्न. काकांना विचारलं, जिन्यात कुठे थांबता? म्हणाले, "आता एकदाच. दुसऱ्या चौकात."

तेव्हापासून मी तपासणीचं पूर्ण नाव स्वतःच्या हातानं लिहून देते, आणि नुसता 'बीएनपी' शब्द आमच्या खोलीत कुणी उच्चारला तर लगेच विचारते, कोणतं? प्रवासाचा प्रश्न आता पहिल्याच दिवशी निघतो. डॉक्टरांनी काकांना सांगून ठेवलंय, की बाहेर जायचं असेल तर गोळीची वेळ पुढे-मागे करा, पण ती बुडवायची नाही. लेक रोज सकाळी त्यांचं वजन करून कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते आणि महिना संपला की पान फाडून मला आणून देते. परवा आणलेल्या पानावर १४ तारखेच्या चौकोनात ६१.८ आहे आणि खाली बारीक अक्षरात, "गोळी दुपारी ३ ला. सकाळी लग्न होतं, कल्याणला."