भोर घाट, पैसे देणारे ग्राहक आणि आम्ही : आमची वाटचाल

कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला लोहमार्ग संगणकावर उभा करायचा, एवढ्या एका ध्यासापायी आम्ही दोघा भावांनी पुण्यातल्या राहत्या घरी हा व्यवसाय सुरू केला. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याचा खेळ, २००१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि जपानमधले मिळून सहा मार्ग होते; आपल्याकडचा एकही नव्हता. १८६३ मध्ये खुला झालेला, दर ३७ फुटांमागे एक फूट चढणारा आपला घाट त्यात नसावा, याची आम्हांला फार रुखरुख वाटे.

काम सोपे नव्हते. अंतराळयानातून २००० साली झालेल्या जमिनीच्या उंचीच्या मोजणीची जी माहिती मिळत होती, तिच्यात दोन बिंदूंमध्ये सुमारे ९० मीटर अंतर असल्यामुळे मंकी हिलजवळचे कडे पडद्यावर गोलसर टेकड्यांसारखे दिसत. सिम्युलेटरमधली जमीन मात्र आठ-आठ मीटरच्या जाळीवर बेतलेली होती, म्हणून स्वतः काढलेली छायाचित्रे समोर ठेवून आम्ही ती एकेका बिंदूने वरखाली केली. मूळ रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे आणि आपले १६७६ मिलिमीटरचे, त्यामुळे रूळही नव्याने काढावे लागले. मागून गाडी रेटणारे बँकर इंजिन जोडता आले, पण ते पुढच्याच चालकाच्या हाती चाले, याची खंत मला आजही आहे.

तयार झालेला मार्ग आम्ही सीडीवर विकत असू. सीडी टपालाने जात आणि पैसे मनीऑर्डरने किंवा डिमांड ड्राफ्टने येत. प्रत्येक प्रत आमच्याकडून मिळणाऱ्या ॲक्टिव्हेशन कीवर, म्हणजे ती सुरू करण्याच्या सांकेतिक क्रमांकावर, चालत असे. पुढे हीच की अडचणीची ठरली. सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीचे काम २००९ च्या जानेवारीत थांबले, जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर कुरकुरू लागली आणि संगणक बदललेला प्रत्येक ग्राहक नव्या कीसाठी आम्हांला फोन करू लागला. ज्यांनी विश्वासाने पैसे मोजले, नेमक्या त्यांचीच गाडी आमच्या कुलपामुळे अडली होती. आम्ही उद्या हे काम बंद केले असते तर त्यांच्या हाती निरुपयोगी सीडी तेवढी उरली असती. मार्ग कुलूप काढून सर्वांना विनामूल्य द्यावा, हा विचार तिथून आला.

जुन्या सिम्युलेटरच्या फायली वाचणारे ओपन रेल्स हे मुक्त सॉफ्टवेअर २०१५ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीपर्यंत पोहोचले होते, त्यामुळे वाट सोपी वाटली. प्रत्यक्षात आमच्या मार्गातली कितीतरी झाडे, घरे आणि खांब मूळ सहा मार्गांच्या फोल्डरांतून उचललेले होते. ज्याच्याकडे मूळ डिस्क नाही त्याला ठाकूरवाडी आणि पळसदरी ही वाटेवरची स्थानके ओकीबोकी दिसली असती. त्या वस्तू आमच्या नसल्याने वाटताही येत नव्हत्या. आम्ही त्या नव्याने घडवल्या, आवाज आणि इंजिने देणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी घेतली, आणि ज्या एका सहकाऱ्याने नकार दिला त्याचे इंजिन वगळले.

चूक झाली ती मार्ग विनामूल्य केल्याच्या घोषणेच्या वेळी. आम्ही ती एकाच दिवशी सर्वांसाठी केली. कल्याणच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, "अहो, पैसे दिल्याचं मला वाईट वाटत नाही, पण आम्हांला आधी कळवायला हवं होतंत." त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. त्यांच्याच पैशावर तो घाट उभा राहिला होता आणि त्यांनाच ही बातमी परक्याकडून कळली. आदल्या वर्षभरात ज्यांनी खरेदी केली होती त्यांचे पैसे आम्ही परत केले. त्याआधीच्या ग्राहकांनी मार्ग पुष्कळ वर्षे वापरला होता, त्यामुळे त्यांना परतावा दिला नाही. मात्र त्या प्रत्येकाला हे कारण पत्राने कळवले. दोघे-तिघे तरीही नाराज राहिले, आणि त्यांची नाराजी मी चुकीची मानत नाही.

आता कसारा ते इगतपुरी हा आमचा दुसरा मार्ग खुला होणार आहे. त्याची पत्रे या वेळी पैसे भरलेल्या ग्राहकांना तीन महिने आधीच गेली आहेत, आणि कसारा स्थानकाच्या दोन इमारती तेवढ्या नव्याने काढायच्या राहिल्या आहेत.