पाचगणीचं धुकं आणि उलटा धरलेला बोर्ड

जानेवारीतली पहाट, पाचगणीचा सिडने पॉइंट. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, पलीकडे पांडवगड. जलरंगाच्या वर्गातले चौघे विद्यार्थी बरोबर होते आणि सात वाजायच्या आत सगळ्यांचे बोर्ड लागले होते. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती, 15 बाय 11 इंच, चारी बाजूंनी टेप मारलेला. रंग मोजकेच: कोबाल्ट ब्लू आणि अल्ट्रामरीन हे दोन निळे, मातकट पिवळा यलो ऑकर, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि थोडा विटकरी लाइट रेड. प्रशियन आणि थॅलो ब्लू मुद्दाम आणायचे नाहीत असं बजावलं होतं. ते धाग्यांत मुरतात. ओल्या ब्रशनं कितीही उचला, निळा डाग राहतोच. आणि धुक्याच्या चित्रात कुठे ना कुठे रंग उचलावा लागतोच.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, अख्ख्या कागदावर. वर अगदी फिका कोबाल्ट, खाली येताना ऑकर आणि त्यात लाइट रेडचा एखादा थेंब. धुकं पांढरंच असतं म्हणून कागद कोरा सोडला, तर चित्राला तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. उजेडाच्या बाजूचं धुकं उबदार असतं, सावलीतलं निळसर राखाडी. सिडने पॉइंटवरून खोऱ्याकडे बघताना सकाळचा उजेड उजवीकडून येतो, म्हणून ऑकर उजवीकडे जास्त.

इथेच पहिली फजिती. पुण्यात दुपारी सात-आठ मिनिटांत वाळणारा वॉश तिथे वीस मिनिटांनंतरही ओला होता. चमक गेली म्हणजे कागद वाळला असं नसतं. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून बघायची; गार लागलं तर आत ओल आहे. एकानं ती न बघताच डोंगराची कड ओढली आणि कड फुटून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पसरली. शेवटी बोर्ड गाडीच्या गरम बॉनेटवर आळीपाळीनं ठेवले.

मग मागून पुढे एकेक डोंगर. सर्वांत लांबच्याला रंग कोऱ्या चहाइतका पातळ, मधल्याला दुधाइतका, जवळच्याला सायीइतका. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून बाजूच्या तुकड्यावर आधी वाळवून बघायचं. माथ्याची रेघ कोरड्या कागदावर, स्वच्छ. मात्र तळाकडे डोंगर विरला पाहिजे, कारण धुकं खोऱ्यात बसतं. नवखा हात नेमकं उलटं करतो: माथा पुसट, पायथा ठळक. त्यात त्याचा दोष अर्धाच. बोर्ड तिरका असतो, रंग ओघळून खाली साचतो आणि पायथाच गडद होतो.

उपाय साधा आहे. माथ्याची रेघ ओढली की बोर्ड उलटा धरायचा, आकाश आपल्याकडे. रंग आपोआप माथ्याकडे उतरतो. मग पायथ्याच्या कडेवरून दुसरा, नुसत्या पाण्याचा ब्रश एकदाच फिरवायचा. हा ब्रश फडक्यावर टिपलेला हवा, कागदावरच्या रंगापेक्षा कमी ओला. जास्त ओला असेल तर त्यातलं पाणी रंगाला ढकलतं आणि परत तोच फ्लॉवर. दुसऱ्यांदा ब्रश फिरवायचा मोह आवरायचा.

सव्वाआठच्या सुमारास चौघांच्या कागदावर चार-पाच डोंगर नीट पायरीपायरीनं फिके होत गेलेले होते. चुकीचं काही नव्हतं, पण जिन्याचे फोटो काढल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात ऊन पडलं, खोऱ्यातलं धुकं उठलं आणि मधल्या दोन डोंगरसोंडा पार गिळल्या. त्यांच्यामागे पांडवगडाचा कातळमाथा मात्र धुक्याच्या वर मोकळा, गडद.

"सर, मागचा डोंगर पुढच्यापेक्षा गडद? मग खोली कशी राहणार?"

खोली राहते, कारण आपण एकाच पडद्याबद्दल बोलत नाही. पडदे दोन असतात. एक हवेचा: हवेतले रेणू आणि अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून अंतर वाढेल तशी गडद वस्तू निळसर होत जाते. दुसरा धुक्याचा: त्याचे थेंब त्या मानानं बरेच मोठे, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून तो पांढरा. हा पडदा अंतर बघत नाही, जिथे बसला तिथे झाकतो. म्हणजे पांडवगड गडद चालेल, पण उबदार रंगाचा नाही चालणार. कोबाल्टमध्ये लाइट रेडचा थेंब, आत तपशील शून्य, फक्त कड धारदार. 11व्या शतकातल्या गुओ शी या चिनी चित्रकारानं सांगून ठेवलंय की डोंगर उंच दिसायला हवा तर त्याची कंबर धुक्यात लपवा. पांडवगडानं तेच केलं होतं.

मधल्या सोंडा आधीच रंगवलेल्या होत्या, त्या आता घालवायच्या. दोघांनी पांढऱ्या पोस्टर कलरची ट्यूब काढली. गडद रंगावर पांढऱ्याचा पातळ थर दिला की तो निळसर, थंड आणि खडूसारखा दिसतो. सकाळची ऊब तिथेच मरते. त्यापेक्षा चपटा, जरा ताठ ब्रश ओला करून सोंडेवर तीन-चारदा आडवा घासायचा आणि टिश्यूनं दाबून टिपायचं, पुसायचं नाही. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट सहज उचलले गेले, खालचा ऑकर थोडा उरला. तोच उरलेला ऑकर म्हणजे उन्हातलं धुकं. एका कागदाचा वरचा थर सोलून निघाला, कारण तो वाळायच्या आतच घासला होता.

शेवटी पुढचा भाग: वाळलेलं गवत आणि दोन सिल्व्हर ओक. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, जवळजवळ ट्यूबमधल्याइतके घट्ट, कोरड्या ब्रशनं. पांडवगडापेक्षा गडद असं चित्रात हे एवढंच. ते रंगवलं आणि मागचा गड चार मैल मागे सरकला.