कोलंबसमध्ये मुलांना शाळेत घालताना: माझा अनुभव

नवऱ्याची बदली पुण्याहून कोलंबसला झाली. हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियाना राज्यातलं छोटं. 2020 च्या जनगणनेत इथली वस्ती 50,474 होती, म्हणजे आपल्या कराडच्या आसपास. नवऱ्याची इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी 1919 पासून याच गावची. 1962 मध्ये ती किर्लोस्करांबरोबर कोथरूडला आली, आणि तेव्हापासून दोन्ही गावांमध्ये माणसांची ये-जा चालू आहे. त्यामुळे इथल्या वाण्याकडे कांदा-लसूण मसाला मिळेल का, असले प्रश्न मला पडले नाहीत. पडला तो शाळेचा. मुलगी तिसरीत जाणार होती आणि मुलगा नुकताच पाच वर्षांचा झाला होता.

पुण्यात आधी शाळा ठरते आणि मग रिक्षाकाका. इथे आधी घर ठरतं, कारण कुठली शाळा मिळणार हे पत्त्यावर अवलंबून. घर शोधायच्या प्रत्येक साइटवर भाड्याच्या खाली जवळच्या शाळांचे दहापैकी गुण छापलेले असतात. नवरा रात्री एक्सेल उघडून बसायचा. कोलंबसच्या शाळांचे गुण वरखाली होते, काही अगदी साधारण. तासाभराच्या अंतरावरच्या, इंडियानापोलिसच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांत मात्र नऊ-दहा. ऑफिसातले दोघे-तिघे तिकडे राहून रोज ये-जा करत होते. आम्हीही तसं करावं का, यावर घरात बरंच वाजलं.

मी त्या गुणांच्या मागे काय आहे ते बघायला लागले. इथे सरकारी शाळांचा कारभार शाळा-जिल्हे बघतात, त्यांना स्कूल कॉर्पोरेशन म्हणतात. आमचं बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड, सगळे बी.सी.एस.सी. म्हणतात. सात जणांचं निवडून आलेलं बोर्ड असतं, नगरपालिकेचा त्यात हात नाही. याच काउंटीत होप नावाच्या खेड्याच्या बाजूला फ्लॅट रॉक-हॉक्रीक हा दुसरा, पिटुकला शाळा-जिल्हा आहे. गाव लहान म्हणून शाळा एकजिनसी असतील असं मला वाटलं होतं. तसं अजिबात नाही. पिढ्यान्‌पिढ्या मका-सोयाबीन करणाऱ्या घरांतली मुलं, कारखान्यांत आणि बांधकामावर काम करणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांतली मुलं, टोयोटाच्या फोर्कलिफ्ट कारखान्यात येणाऱ्या जपानी लोकांची मुलं, आणि आमच्यासारखी, व्हिसावर दोन-चार वर्षं राहून जाणारी. ही सगळी एका वर्गात.

आणि परीक्षेचा सरसकट टक्का या सगळ्यांचा मिळून असतो. उपनगरातल्या शाळेत बहुतेक मुलांचे आईबाप पदवीधर, घरी पुस्तकं, शिकवण्या. तिथले नऊ गुण शाळेचे किती आणि आईबापांचे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. राज्याच्या शिक्षण खात्याच्या पानावर तोच निकाल फोडून दिलेला असतो: कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष गरजांची मुलं, वंशानुसार. हे फोडून देणं केंद्राच्या कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय वाढीचा एक आकडा असतो. मागच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत हे मूल यंदा किती पुढे सरकलं, हे तो सांगतो. मी शाळा त्या दोन रकान्यांवरून तोलल्या आणि कोलंबसच्या काही ‘साधारण’ शाळा मला बऱ्याच बऱ्या दिसल्या.

फोडलेल्या आकड्यांतही खाचाखोचा आहेत. एखाद्या गटात मुलं फार थोडी असली की मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात. त्यामुळे लहान शाळेत ‘एशियन’ समोर नुसते तारे. ‘इंग्रजी शिकणारे’ हा गट तर कायम मागेच दिसणार, कारण ज्याला इंग्रजी आलं तो त्या गटातून बाहेर पडतो. म्हणून राज्यांना बाहेर पडलेल्यांना चार वर्षांपर्यंत या गटात धरायची मुभा आहे. आणि परीक्षा कुठली तेही बघावं लागतं. 2024 मध्ये इंडियानातली 82.5 टक्के तिसरीची मुलं आयरीड-3 या वाचनाच्या परीक्षेत पास झाली. त्याच वर्षी तिसरी ते आठवीच्या आयलर्न परीक्षेत इंग्रजीत ‘प्रवीण’ ठरली ती 41 टक्क्यांच्या आसपास. पहिली परीक्षा वाचता येतं का एवढंच बघते, दुसरीची पट्टी बरीच वर आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एकीचा आकडा दुसरीशी भिडवून भांडत असतात.

शेवटी आम्ही कोलंबसमध्येच घर भाड्यानं घेतलं. खरं सांगायचं तर नवऱ्याचा रोजचा दोन तासांचा प्रवास वाचणार होता, हेही त्यात होतंच.

प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. भाडेकरार, जन्मदाखला, लसीकरण. आईवडिलांचा व्हिसा कुठला हे कुणी विचारलं नाही. 1982 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कागदपत्रं नाहीत म्हणून कुठल्याही मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही. 2023 पर्यंत इंडियानात सरकारी शाळेतही पुस्तकांचं भाडं पालक भरायचे, ते आता बंद झालंय.

रखडलं ते लसींवर. गोवराची नऊ महिन्यांची लस इथे धरतच नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस लागतात. आमच्या कोथरूडच्या डॉक्टरांनी पंधरा महिन्यांना आणि पाचव्या वर्षी एमएमआर दिली होती म्हणून मुलगी सुटली. मुलाचा दुसरा डोस इथेच घेतला. पोलिओचा शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा हवा. मुलाचा तसाच होता, 4 जुलैचा, कार्डावर 4/7 लिहिलेला. इथे तारखेत महिना आधी लिहितात, त्यामुळे इथल्या एका दवाखान्यानं राज्याच्या नोंदणीत तो 7 एप्रिल म्हणून चढवला. पोराचा वाढदिवस मेमधला! झालं, डोस बाद. फोनवर समजावून काही होईना. मग मी कार्डावरच्या सगळ्या तारखा महिन्याच्या नावासकट टाइप केल्या, पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर सही-शिक्का घेऊन पीडीएफ मागवलं, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. येणाऱ्यांनी हे काम पुण्यातूनच उरकून यावं.

फॉर्ममध्ये घरच्या भाषेचे तीन प्रश्न होते: मुलाची मातृभाषा कुठली, मूल जास्त करून कुठली भाषा बोलतं, घरात कुठली बोलतात. वरच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, तिन्हीकडं इंग्लिश लिही आणि मोकळी हो. नाहीतर पोरगीला वेगळ्या वर्गात बसवतील.” असं बरेच जण करतात. मला ते पटलं नाही. घरात आम्ही मराठीत भांडतो, तर मराठीच लिहिणार. तिथे इंग्रजीखेरीज काहीही लिहिलं की मुलाची विडा (WIDA) नावाची इंग्रजीची चाचणी होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, 1 ते 6 पायऱ्या. मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमातली, वाचन-लेखन चांगलं निघालं. ऐकण्यात कमी पडली, बाईंचे उच्चार तिच्या कानाला नवे होते. वेगळा वर्ग वगैरे काही नव्हतं. एक शिक्षिका आठवड्यातून काही वेळा वर्गातच येऊन तिच्याबरोबर आणि ग्वाटेमालाच्या एका मुलाबरोबर बसायच्या. नको असेल तर ही मदत पालक लेखी नाकारूही शकतात.

तिसरीसाठी याला आणखी एक महत्त्व होतं. 2024 च्या कायद्यानं आयरीड-3 मध्ये नापास होणाऱ्या मुलाला तिसरीतच ठेवायचं ठरलंय. त्यातून काही सवलती आहेत, आणि त्यातली एक इंग्रजीची मदत दोन वर्षांपेक्षा कमी मिळालेल्या मुलांसाठी आहे. वहिनींच्या सल्ल्यानं इंग्लिश लिहिलं असतं तर ही वाट आम्हीच बंद केली असती. तिला सवलत लागली नाही, पहिल्याच फेरीत पास झाली. पण त्या हिवाळ्यात मी निर्धास्त होते.

शाळेच्या इमारतीबद्दल सांगायलाच हवं. 1950 च्या दशकात इथे मुलांची संख्या भराभर वाढत होती. तेव्हा कमिन्सचे प्रमुख अर्विन मिलर यांनी देऊ केलं, की यादीतला नामवंत वास्तुविशारद घेतलात तर त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. पहिली शाळा हॅरी वीस यांची, 1957 ची. त्यानंतर एकामागून एक उभ्या राहिल्या. छोट्या गावात चांगले इंजिनियर टिकायचे तर त्यांच्या मुलांच्या शाळा चांगल्या हव्यात, हा त्यामागचा सरळ हिशेब. आज पुण्याची मुलं त्या वर्गांत बसतात ती त्याच हिशेबातून, असं मला वाटतं.

वर्षाच्या शेवटी बाईंशी बोलताना मी विचारलं, की आमच्यासारखी मुलं येऊन-जाऊन असतात, त्याचा वर्गाला त्रास होतो का? त्या म्हणाल्या, ऑक्टोबरमध्ये जमलेला वर्ग मार्चमध्ये तोच नसतो, काही पोरं कंपनीच्या बदलीनं जातात आणि काही घरभाडं वाढलं म्हणून. दुसऱ्या कारणानं जाणाऱ्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला. असला काही रकाना त्या साइट्सवर मला सापडला नव्हता.

पुढच्या वर्षी मुलगी विडाच्या चाचणीत वरच्या पायरीवर गेली आणि तिची मदत थांबल्याचं पत्र आलं. आणखी दोन वर्षं तिच्या निकालावर लक्ष ठेवणार आहेत. मुलाची मदत चालूच आहे, आणि तो वर्गातल्या मित्राकडून इंग्रजीच्या आधी स्पॅनिश आकडे शिकून आलाय.