सेनासाहेबसुभा

मोडी शिकायला लागून दोन-तीन महिने झाले असतील, तेव्हा नागपूरकर भोसल्यांना लिहिलेल्या एका पत्राची छायाप्रत सरावासाठी हाती आली. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी आखलेल्या रेघेला टांगलेली अक्षरे सलग पळत असतात. त्यामुळे मायन्यातला ‘सेनासाहेबसुभा’ मी तीन ठिकाणी तोडला आणि सेना कोणाची, साहेब कोण, सुभा कुठला, याचा अर्थ लावत बसलो. हे सगळे मिळून एकच पद आहे, असे शिकवणाऱ्यांनी हसून सांगितले, तेव्हापासून या किताबाने माझी पाठ सोडलेली नाही.

शब्दाची घडणच पाहण्यासारखी आहे. ‘सेना’ संस्कृतातून आलेला, ‘साहेब’ आणि ‘सुभा’ अरबी-फारसीतून. शिवाजी महाराजांच्या काळात ‘सरनोबत’चा ‘सेनापती’ झाला, पण शाहू महाराजांच्या दरबारात सरदार वाढले आणि सेनापतिपद एकच उरले, तेव्हा मोठ्या घराण्यांना मान देण्यासाठी ‘सेनाखासखेल’, ‘सरलष्कर’, ‘सेनासाहेबसुभा’ असे किताब चालत राहिले. त्यांतला शेवटचा हिंगणीकर भोसल्यांच्या शाखेतील परसोजींचा. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू दक्षिणेकडे निघाले, तेव्हा खानदेशात त्यांना सामील होणाऱ्या पहिल्या मातब्बर सरदारांत परसोजी होते. आलेला माणूस तोतया आहे, असे ताराबाईंच्या पक्षाकडून सांगितले जात असताना परसोजी शाहूंच्या ताटात जेवले आणि सगळ्यांचा संशय फिटला, अशी कथा आहे. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, या घराण्याने आपल्या मानाचे मूळ नेहमी त्या ताटापाशीच सांगितले.

परसोजींनंतर किताब त्यांचे पुत्र कान्होजी यांच्याकडे आला. त्यांचे शाहूंशी बिनसले, आणि त्यांना धरून आणण्याचे काम त्यांच्याच घरात वाढलेल्या पुतण्यावर, रघूजींवर सोपवले गेले. कान्होजी साताऱ्याला कैदेत गेले आणि वस्त्रे, म्हणजे पद दिल्याची खूण म्हणून धनी देई तो मानाचा पोशाख, रघूजींना मिळाली. किताब वंशपरंपरेने चालत असला, तरी तो मालकीचा नव्हता, हे येथेच दिसते. प्रत्येक वारसाला धन्याकडून वस्त्रे घ्यावी लागत, नजराणा भरावा लागत असे. वस्त्रे येईपर्यंत तो केवळ भोसला.

रघूजींच्या कर्तबगारीवर वेगळे लिहावे लागेल. देवगडच्या गोंड राजघराण्याच्या भांडणातून त्यांनी नागपूर हाती घेतले. बंगालवरच्या स्वाऱ्यांत त्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये अलिवर्दीखानाच्या भेटीच्या तंबूत दग्याने मारले गेले, तरीही रघूजींनी पाठ सोडली नाही, आणि १७५१ च्या तहाने ओरिसा व बंगालच्या चौथाईचे सालीना बारा लाख रुपये मिळवले. साताऱ्याच्या छत्रपतींच्या प्रत्यक्ष ताब्यातल्या मुलुखाच्या कितीतरी पट मुलूख या चाकराकडे होता, आणि तरीही तो मुलूख आपला म्हणण्यासाठी साताऱ्याच्या वस्त्रांची गरज संपली नव्हती.

शाहूंच्या निधनानंतर वस्त्रे नावाला साताऱ्याची आणि व्यवहारात पुण्याची झाली. १७५५ मध्ये रघूजी वारले आणि जानोजी व मुधोजी या मुलांत वाद उभा राहिला. पेशव्यांनी जानोजींना सेनासाहेबसुभा केले आणि मुधोजींसाठी ‘सेनाधुरंधर’ असा दुसरा किताब काढून दिला. मला हा तोडगा पुणेरी मुत्सद्देगिरीचा अस्सल नमुना वाटतो : कोणालाच रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, आणि कोणालाच पुरते निश्चिंत होऊ द्यायचे नाही. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. त्यांनी मुधोजींच्या मुलाला, दुसऱ्या रघूजींना, वारस नेमले होते. पण साबाजी हे तिसरे भाऊही उभे राहिले, आणि दोन्ही बाजूंचे वकील पुण्यात वस्त्रांसाठी खेटे घालू लागले. पुण्याचा कौल मात्र तिथला कारभारी बदलेल तसा बदलत होता. अखेर जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगाव येथे निकाल लागला. लढाईत मुधोजी कोंडीत सापडले होते. जिंकत आलेल्या साबाजींनी आपला हत्ती त्यांच्याकडे घातला, आणि जवळून सुटलेल्या गोळीने साबाजीच ठार झाले. किताब भावाला मारणाऱ्याच्या अल्पवयीन मुलाकडे राहिला.

पुढे १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून पराभव झाला आणि देवगावच्या तहाने कटक व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. वस्त्रांची शेवटची कहाणी १८१७ ची आहे. पेशवे-इंग्रज युद्ध पेटलेले, बाजीराव पुणे सोडून पळालेले, आणि अशा वेळी नागपुरात गादीवर असलेल्या अप्पासाहेब भोसल्यांनी २४ नोव्हेंबरला पेशव्यांकडून आलेली वस्त्रे व जरीपटका समारंभाने स्वीकारला. नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, याला आमंत्रण होते. तो गेला नाही. दोनच दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. देणारा स्वतः रानोमाळ फिरत असताना त्याच्या हातची वस्त्रे घेण्यासाठी राज्य पणाला लावणे आज वेडेपणाचे वाटेल. पण शंभर वर्षे त्या वस्त्रांवाचून गादीच पुरी होत नव्हती, हे ध्यानात घेतले की अप्पासाहेबांचा हट्ट कळू लागतो.

इंग्रजांनाही ते नेमके कळले होते. त्यांनी गादीवर बसवलेल्या तिसऱ्या रघूजींशी १८२६ मध्ये जो तह केला, त्यात साताऱ्याशी असलेला सर्व संबंध, त्यासंबंधीचे उपचार आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब सोडल्याचे लिहून घेतले. म्हणजे घराणे होते, गादी होती, वारस होता, आणि किताब तेवढा कलमाने संपला. नागपूरचे राज्य त्यानंतर सत्तावीस वर्षे चालले. याउलट गायकवाडांनी ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ विसाव्या शतकापर्यंत मिरवला.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. जवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई राज्य वाचवण्यासाठी झगडल्या, आणि तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारा काळी मारबत हा पुतळा नागपूरकर त्यांच्याच फितुरीशी जोडतात. हा हिशेब मला कधी पटला नाही. तिसऱ्या रघूजींच्या मागे दत्तक घेतलेल्या जानोजींना १८५७ नंतर काही वर्षांनी इंग्रजांनी नवा किताब दिला : ‘राजाबहादूर ऑफ देऊर’. देऊर हे या घराण्याचे जुने इनाम गाव. ते नागपूरच्या आसपास कुठेही नाही; ते सातारा जिल्ह्यात, वाठारजवळ आहे.