आमची वाटचाल : जांभळाचा मध आणि बंद पडलेलं लिस्टिंग

आम्ही दापोलीकडचे. वडील सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे, मध नात्यागोत्यातच संपायचा. मी ऑनलाइन विकायला लागलो ते निसर्ग वादळानंतर. 3 जून 2020 ला माड-पोफळी आडव्या झाल्या, पेट्याही गेल्या, ज्या वाचल्या त्यांच्यावर धंदा उभा केला. लायसन, जीएसटी, फोटो, बारकोड सगळं आम्ही नवरा-बायकोनीच केलं. पुढची वर्षं बरी गेली.

मग तो हिवाळा आला. नाशिक-पुण्याकडं थंडी पडली, मध गोठला आणि लोकांनी बाटलीचे फोटो टाकून एक-एक स्टार द्यायला सुरुवात केली, साखर घातलीय म्हणे! अहो, मधात ग्लुकोज असतं ते थंडीत रवाळ होतंच, बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ. लेबलवर लिहिलेलं होतं, पण वाचतं कोण. रिटर्न वाढले तसं वेबसाइटवरचं आमचं विक्रीचं पान, म्हणजे लिस्टिंग, बंद, पैसे अडकले, तक्रार टाकली की तेच छापील उत्तर परत, फोनवर माणूस म्हणून कोणी मिळेना. हंगामाचा मध घरात भरलेला आणि पोरांच्या फीचे पैसे त्यातच.

आणि त्याच महिन्यात एकाने आमच्यासारखेच फोटो लावून 'कोकणचा जांभूळ मध' आमच्या निम्म्या भावात काढला. बाटली, झाकण, कमिशन, कुरियर एवढं जाऊन त्या भावात जांभळाचा मध येतो कुठून ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. 2020 च्या डिसेंबरात सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने मधाचे 13 ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत 3 च पास झाले, आणि साध्या चाचण्या पार केलेले कितीतरी एनएमआर नावाच्या जास्त बारीक चाचणीत अडकले. म्हणजे भेसळवाला चाचणी बघूनच साखरेचं सिरप निवडतो. त्या निम्म्या भाववाल्याचं लिस्टिंग अजून चालू आहे, चार स्टारवर.

आम्हाला वाचवलं पुण्याच्या एका वैद्य बाईंनी. औषधाच्या अनुपानासाठी, म्हणजे औषध ज्यात घालून घ्यायचं त्यासाठी, त्या आमचाच मध वापरायच्या. बंद पडल्याचं कळल्यावर त्यांनी फोन केला, "गोठलेलाच पाठवा, मला तोच हवा," आणि आगाऊ पैसे पाठवले. मग त्यांच्या ओळखीचे पेशंट थेट मागवायला लागले, त्या पैशावर आम्ही लिस्टिंग सुरू होईपर्यंत तग धरला.

आता माझ्या हातात कायम रिफ्रॅक्टोमीटर असतो, मधातलं पाणी मोजायचं साधन. काचेवर थेंब, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठं येते ते बघायचं. पाणी 20 टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि कोकणातल्या दमट हवेत सातेरीचा मध तिथं आणणं सोपं नाही, म्हणून पोळ्यावर मेणाची टोपी बसल्याशिवाय मधयंत्रात घालायचं नाही, कितीही ऑर्डर असो. नवीन पोरांनो, तुम्ही उघडी पोळी काढून बाटलीत भरता, पावसाळ्यात ती आंबते, झाकण फुगतं आणि बदनामी आमच्या सगळ्यांची होते. भांडवल कमी असलं तर पेटी एक कमी घ्या पण रिफ्रॅक्टोमीटर घ्या. आणि काच वापरणार असाल तर बबल रॅप दुहेरी, कुरियरवाला फेकतोच.

वैद्य बाईंचा पहिला डबा यंदाही जांभळाचा हंगाम लागला की निघतो, नंतरच बाकीच्यांची पॅकिंग.