तुम्ही विचारलंत म्हणून: खालचे थर कशाला?

माझ्या तैलचित्रांत शेवटी एकच करडा रंग दिसतो, मग खाली इतके थर कशाला? प्रदर्शनात हमखास येणारा प्रश्न.

थेट करडा लावून बघा. भिंतीच्या डिस्टेंपरसारखा सपाट बसेल. तोच पातळ करून निळ्यावर चढवला तर थंड दिसतो, बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीवर ऊबदार. पण थर चढवणं सोपं. चित्र होतं ते रंग काढताना.

वरचा थर रोलरने पसरायचा. ओला असतानाच त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे दाबून उचलायचे. तुकडे फाडलेले हवेत, कात्रीची कड टोचते. कागद तेल शोषतो, रंग घेऊन येतो आणि खालचा थर उघडा पडतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर, पॅलेट नाइफ (रंगाची सुरी) आणि कागदाचे तुकडे असेच वापरत. मदार सगळी वेळेवर. वरचा रंग फार ओला असला तर कागद घसरतो. अर्धवट वाळून चिकट झाला असला तर कागदच चिकटतो आणि त्याचे तंतू रंगात अडकतात. खालचा थर बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेली चिंधी कोपऱ्यात फिरवा. ती रंगली तर थांबा. नाहीतर निळा वर येऊन करड्यात कालवला जातो, चिखल होतो आणि सगळं खरवडावं लागतं. मुंबईच्या जुलैत हे थांबणं जीव खातं.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत लिन्सीड, म्हणजे जवसाचं तेल, वाढतं. आयव्हरी ब्लॅक हा काळा सावकाश वाळतो. त्यावर भराभर वाळणारा तपकिरी अंबर चढवलात तर तडे जातात, तेही चित्र विकलं गेल्यावर!

कागदावरच्या चित्राचं निराळं. 1984च्या अपघातानंतर गायतोंड्यांनी मोठे कॅनव्हास सोडून कागदावर शाईची छोटी कामं केली. तिथे खरवडणं नाही. शाई तंतूत शिरली की शिरली. शाई वॉटरप्रूफ नसेल तर दुसरा थर पहिल्याला विरघळवतो. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) जाड कॉटन कागदसुद्धा जास्त पाण्याने फुगतो, म्हणून आधी भिजवून गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) फळीवर ताणायचा.

थर न दिसताही काम करतात, असं मी पूर्वी ठणकावून सांगत असे. आता तितकं ठाम म्हणवत नाही. मोबाइलवरच्या फोटोत त्यातलं काही उरत नाही, आणि समोर उभं राहूनही तुम्हाला दिसत नसेल तर तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही. निदान कॅनव्हासची बाजूची कड बघा, तिथे प्रत्येक थर ओघळलेला असतो. ती फ्रेमखाली झाकायची की नाही, यावरून गॅलरीवाल्यांशी माझं भांडण चालूच आहे.